झीरो विमानाची प्रतिकृती

झीरो विमानाची प्रतिकृती : दुसऱ्या महायुद्धात जपानी नौदलाच्या विमानवाहू नौकांवरून लढलेल्या मित्सुबिशी ए६एम, म्हणजेच ‘झीरो’, या लढाऊ विमानाचा ठरावीक प्रमाणात लहान केलेला लाकडी अथवा प्लॅस्टिकचा नमुना. शत्रूच्या विमानाची ओळख पटविण्याचे साधन म्हणून युद्धकाळात घडविला गेलेला हा नमुना पुढे छंदाचा आणि इतिहासाच्या अभ्यासाचा विषय झाला.

मूळ विमान : जिरो होरिकोशी यांच्या नेतृत्वाखाली आखलेल्या या विमानाने १ एप्रिल १९३९ रोजी पहिले उड्डाण केले. १९४० हे जपानी शकाचे २६०० वे वर्ष; त्याच्या अखेरच्या अंकावरून, त्या वर्षी सेवेत दाखल झालेल्या या विमानास ‘शून्य’ ही संज्ञा मिळाली. एंजिनाची शक्ती १,००० अश्वशक्तीहूनही कमी असताना दूरचा पल्ला आणि विलक्षण चपळाई साधावयाची, तर वजनाचा प्रत्येक अंश वाचविणे प्राप्तच होते; म्हणून हलक्या पण बळकट मिश्रधातूचा उपयोग केला गेला, आणि वैमानिकामागील चिलखत व इंधनाच्या टाक्यांचे संरक्षण यांना फाटा देण्यात आला. १०,००० हून अधिक विमाने बांधली गेली. त्यांपैकी आज फारच थोडी शिल्लक आहेत.

प्रतिकृतीचा इतिहास : १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने आपल्या देशातील शाळांकडे विविध विमानांचे ५,००,००० लाकडी नमुने मागितले. त्यांचे प्रमाण एकास बहात्तर, म्हणजे सहा फुटांस एक इंच, असे मुक्रर केले होते. कारण असा नमुना ३५ फुटांवरून पाहिला असता तो सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढा भासतो. काळ्या रंगाच्या त्या नमुन्यांवरून सैनिक केवळ आकृती पाहून शत्रू-मित्र ओळखण्यास शिकत. युद्धानंतर प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून प्रतिकृती करण्याचा छंद जगभर फैलावला, तेव्हाही हेच प्रमाण रूढ राहिले, आणि ज्या जपानात झीरो जन्मले तेथील शिझुओका शहराच्या तामिया कंपनीने त्याच्या प्रतिकृती मोठ्या निगुतीने सिद्ध केल्या.

रचना व तपशील : १२ मीटर पंखविस्ताराचे ‘२१’ हे उपरूप एकास अठ्ठेचाळीस प्रमाणात २५ सेंटिमीटर, तर एकास बहात्तर प्रमाणात सुमारे १६.७ सेंटिमीटर भरते. नौकेच्या उद्वाहकात विमान सामावे म्हणून प्रत्येक पंखाचे सुमारे अर्धा मीटर टोक वर दुमडण्याची जी सोय होती, ती लहान प्रमाणात जेमतेम सात मिलिमीटरांची उरते. तरीही साक्षेपी कारागीर ती वगळत नाही. आरंभीच्या विमानांच्या फिकट करड्या रंगातील पिवळसर झाक नेमकी किती, याविषयी जाणकारांत दीर्घ काळ वाद आहे. अंतर्भागातील धातूवर मात्र ‘आओताके’ हा निळसर-हिरवा पारदर्शक लेप देण्याचा प्रघात होता.

या सर्वांत वैमानिकाचे आसन विशेष पाहण्यासारखे असते. वजन वाचविण्यासाठी त्याच्या पत्र्याला पाडलेली गोल छिद्रे प्रतिकृतीतही कोरलेली असतात, आणि त्यामागे चिलखताचा पत्रा बसविण्यासाठी भागच नसतो; विमानाच्या चपळाईचे आणि त्यातील माणसाच्या असहायतेचे कारण एकच होते, हे ते आसन जागेवर बसविताना बोटांना कळते.