कृष्ण विवरांची एंट्रॉपी : तंतू सिद्धांतातील शुद्धी

अतिप्रबळ गुरुत्वाकर्षणामुळे ज्यातून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही, अशा खस्थ पदार्थास कृष्ण विवर म्हणतात. त्याची एंट्रॉपी घटना क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते, असे जेकब बेकेनस्टाइन यांनी १९७२ साली सुचविले. कृष्ण विवरातून पुंजीय परिणामामुळे प्रारण बाहेर पडते, असे स्टीव्हन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये दाखविले. त्यावरून प्लांक एककांत मोजलेल्या क्षेत्रफळाचा एक चतुर्थांश, हे एंट्रॉपीचे मूल्य निश्चित झाले. परंतु एंट्रॉपी म्हणजे सूक्ष्म अवस्थांच्या संख्येचा लॉगरिथम. या अवस्था कोणत्या, हा प्रश्न दोन दशके अनुत्तरित राहिला.

त्याच्या उत्तरात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा मोठा आहे. गडहिंग्लजचे (जि. कोल्हापूर) अतीश दाभोलकर यांनी जेफ्री हार्वी यांच्याबरोबर १९८९ साली तंतूच्या ज्या अवस्थांचा अभ्यास केला, त्या नेमक्या मोजता येतात. त्यांच्याशी जुळणाऱ्या कृष्ण विवराचे क्षितिज अभिजात गणितानुसार शून्य क्षेत्रफळाचे असते. अवस्था मात्र अगणित वाटाव्यात इतक्या. तंतूच्या लांबीमुळे उद्‌भवणाऱ्या शुद्धी विचारात घेतल्यास एका अनिश्चित गुणकापुरता फरक सोडून मेळ बसतो, असे अशोक सेन यांनी या संस्थेत असताना १९९५ मध्ये दाखविले. पुढील वर्षी अँड्र्यू स्ट्रॉमिंजर व कुमरुन वाफा यांनी पंचमितीय कृष्ण विवरासाठी एक चतुर्थांशाचा गुणक अचूक मिळविला. सेन यांचा गुणक दाभोलकर यांनी २००४ मध्ये निश्चित केला. तेव्हा एंट्रॉपी क्षेत्रफळाच्या चतुर्थांशाऐवजी निम्मी आली.

हा मेळ निर्विवाद राहिला नाही. चतुर्मितीय उदाहरणात शुद्धींमुळे क्षितिज निर्माण होते हा आभास आहे, असे पाब्लो कानो व सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रतिपादन केले. अवस्थांची गणना त्यामुळे खोटी ठरत नाही. वादग्रस्त आहे ते भूमितीय चित्र.

ज्यांचे क्षेत्रफळ मुळातच शून्य नसते, अशा कृष्ण विवरांना हा आक्षेप लागू पडत नाही. दाभोलकर, झुआंव गोमिश व समीर मूर्ती यांनी २०११ मध्ये अशा एका कृष्ण विवराच्या सर्व पुंजीय शुद्धींची बेरीज, काही गृहीतांसह, केली. विद्युत् भारांच्या एका लहान मूल्यासाठी केवळ क्षेत्रफळावरून अवस्थांची संख्या सुमारे १,९२,००० येते. तंतू सिद्धांतातील प्रत्यक्ष गणना ५१३ आहे. सर्व शुद्धींनंतर उत्तर मिळाले ५१२.९५८.