श्रुतींची जमाबंदी

सुरतेच्या पर्वत पाटियात, कापडबाजाराच्या गलबल्यात, एखादा खानदेशी तरुण कानाला मोबाइल लावून अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकतो, तेव्हा एका जुन्या दाव्याचा निकालच त्याच्या कानी पडत असतो. आणि तो दावा सुरतेपासून रेल्वेने जेमतेम 130 किलोमीटरांवर, बडोद्यास, 1916 साली चालला होता.

वादी होते कृष्णाजी बल्लाळ देवल. डेप्युटी कलेक्टरीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी उतारवयात स्वरांची मोजणी हाती घेतली आणि खाँसाहेबांच्या गळ्याची तारेच्या लांबीशी गाठ घातली. षड्जाची कंपने 240 धरली तर पंचमाची 360 आणि गांधाराची 300, अशा हिशोबाने सप्तकातील बावीस श्रुतींचे, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानांचे, जणू खातेपत्रकच त्यांनी सिद्ध केले व 1910 साली इंग्रजी ग्रंथरूपाने ते पुण्यास छापले. अर्नेस्ट क्लेमेंट्स या न्यायाधीशांनी त्या मोजणीला पाठिंबा दिला, आणि तिच्या आधारे श्रुतिहार्मोनियम निर्माण झाली. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली गेली. खाँसाहेब देवलांच्या बाजूने उभे राहिले, परंतु संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या पक्षाला हे प्रमाण मान्य झाले नाही. रागागणिक किंचित चढणारा-उतरणारा कोमल गांधार एका पट्टीत कायमचा डांबावा कसा, हा प्रश्न त्या पेटीने सोडवला नव्हता.

त्या तरुणाच्या मोबाइलातल्या एमपीथ्रीची मोजणी पाहिली तर ती देवलांहून कितीतरी ओबडधोबड वाटते. सेकंदाला 44,100 नमुने घेतलेल्या ध्वनीचे ती 576 समान खण पाडते. प्रत्येक खण सुमारे 38 कंपनांचा. काळी एकच्या षड्जापासून, म्हणजे साधारण 139 कंपनांपासून, तारषड्जापर्यंतच्या सगळ्या सप्तकाच्या वाट्याला त्यामुळे पुरते चार खणही येत नाहीत, मग बावीस श्रुतींची कथा काय! तरीही मींड तुटत नाही. कारण या दप्तरात ‘गांधार’ असे नाव कोठेच लिहिलेले नसते. दर 13 सहस्रांश सेकंदांनी खणांतले आकडे नव्याने नोंदले जातात आणि त्यांच्या बदलत्या ओळींतून सूर पुन्हा उभा राहतो. कोठे बारकाईने लिहावे आणि कोठे हात राखावा, हे मात्र कानाच्या रीतीने ठरते: खर्जाकडे खणांचे गट अरुंद, टिपेकडे रुंद.

देवलांची मोजणी खोटी नव्हती. तिला कायद्याचे स्थान द्यावयाचे, हा हट्ट चुकला. यंत्राने सुराची नोंद खुशाल ठेवावी. सुराची हद्द मात्र गवयानेच आखावी.