युरेकाचा लाकडी महाल

उत्तर कॅलिफोर्नियात, हम्बोल्ट उपसागराकाठी युरेका हे छोटं बंदर आहे. तिथला कार्सन मॅन्शन पाहताना नजर ठरत नाही: मनोरे, सज्जे, महिरपी, नक्षीचे खांब, सगळं लाकडात. गर्भश्रीमंताची हौस म्हणावं, तर मालक गर्भश्रीमंत नव्हता. मला या घराचं मूळ हौसेपेक्षा लाकडाच्या गिरणीत जास्त दिसतं.

विल्यम कार्सन कॅनडातल्या न्यू ब्रन्स्विकचा. सोन्याच्या लाटेत तो कॅलिफोर्नियात आला आणि रेडवुडच्या जंगलात रमला. गिरणीतला त्याचा भागीदार जॉन डॉलबीर. रेडवुडचे अजस्र ओंडके जंगलातून बाहेर काढायला तोवर बैलांच्या जोड्या जुंपत. डॉलबीरने १८८१ साली वाफेवर चालणारं, दोर गुंडाळत ओंडका खेचणारं यंत्र केलं आणि धंद्याचा वेगच बदलला.

वाफेने जंगलात केलं तेच सुतारशाळेतही. आपल्या वाड्यांतली सागवानी नक्षी छिन्नीने उतरायची. एकेका तुळईमागे कारागिराचे कितीतरी दिवस जायचे. इथे वाफेवरची कातयंत्रं आणि नक्षी कापणाऱ्या बारीक करवती आल्या. रेडवुड मऊ, सरळ रेषांचं, सहसा न कुजणारं; यंत्राला अगदी मानवणारं. नक्षी स्वस्त झाली आणि घरं नटली. ज्या ‘क्वीन ॲन’ शैलीत हे घर मुख्यतः मोडतं, तिला इंग्लंडात वास्तुरचनाकार नॉर्मन शॉ यांनी विटा-कौलांत घडवलं होतं. अमेरिकेत ती लाकडाची झाली.

सॅम्युअल आणि जोसेफ न्यूसम या वास्तुरचनाकार भावांनी १८८४ ते १८८६ या काळात हे घर उभारलं. मंदीत गिरणीची माणसं बसून राहू नयेत म्हणून कार्सनने काम काढलं, असं सांगतात. असेलही. पण आपल्या मालाची एवढी मोठी जाहिरात दुसऱ्या कुठल्या लाकूडवाल्याने केली असेल? गंमत म्हणजे आतल्या सजावटीला घरचं रेडवुड पुरलं नाही. मध्य अमेरिकेतून प्रिमावेरा नावाचं फिकट लाकूड मागवलं. समोरच, १८८९ साली, त्याच भावांनी कार्सनच्या मुलासाठी आणखी एक घर बांधलं.

कार्सन १९१२ साली वारला. १९५० साली कुटुंबाने घर विकलं. तेव्हापासून तिथे इंगोमार क्लब आहे. क्लब खासगी, त्यामुळे इतरांनी रस्त्यावरूनच पाहायचं. पाहाल तेव्हा मनोऱ्यावर थांबू नका. छपराखालच्या पट्ट्या आणि सज्जाचे खांब बघा. गिरणीची करामत तिथे आहे.