महाधमनी आणि हत्तीची सोंड

आम्ही शस्त्रवैद्य नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण नवं आलं की जुन्याचं काय होतं, हा प्रश्न आम्हाला महाधमनीच्या इतिहासात जितका स्पष्ट दिसला, तितका ग्रंथांत क्वचितच दिसला.

हृदयातून निघणारी ही सर्वांत मोठी रक्तवाहिनी. तिची भिंत कमजोर झाली की ती फुगते आणि फुटली तर माणूस बहुधा वाचत नाही. १८१७ साली लंडनमध्ये अ‍ॅस्टली कूपर यांनी पोटातली महाधमनी दोऱ्याने बांधून पाहिली; रुग्ण दोन दिवसही जगला नाही. १९४८ साली रुडॉल्फ निस्सेन यांनी आइन्स्टाइनच्या फुगवट्याभोवती सेलोफेन गुंडाळलं. तो फुगवटा १९५५ मध्ये फुटला.

दरम्यान, १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबॉस्त यांनी फुगलेला भाग काढून तिथे मृत माणसाची धमनी शिवली. पुढे ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉन कापडाच्या नळ्या चक्क शिवणयंत्रावर शिवल्या! पण त्यासाठी पोट किंवा छाती उघडावी लागे; म्हाताऱ्या, थकलेल्या रुग्णाला ते सोसत नसे. मग १९८७ मध्ये खार्किव्हला निकोलाय व्होलोडोस यांनी आणि १९९० मध्ये ब्युनॉस आयर्सला हुआन पारोदी यांनी धमनीच्या आतूनच नळी सरकवून बसवली.

वाटलं, जुनं संपलं. पण महाधमनी म्हणजे सरळ पाइप नाही. तिच्या कमानीतून मेंदूकडे फाटे जातात, पोटात यकृत, आतडी, मूत्रपिंडांकडे. साधी नळी बसवली तर त्यांची तोंडंच बुजतात. म्हणून दोन्ही विद्या एकत्र आल्या: आधी उघडी शस्त्रक्रिया करून फाट्यांना दुसरीकडून रक्त द्यायचं, मग आतून नळी बसवायची.

यातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. १९८३ साली जर्मनीत हान्स बोर्स्ट यांनी कमान बदलताना कापडी नळीचं टोक खालच्या महाधमनीत मोकळं लोंबतं ठेवलं. त्याला नाव पडलं ‘हत्तीची सोंड’. पुढच्या उघड्या शस्त्रक्रियेत ते टोक हाती लागावं, एवढाच हेतू. पुढे आतून येणाऱ्या नळीला टेकायला तीच सोंड कामी आली. ती विद्या तेव्हा रुळलेलीही नव्हती.

या समन्वयाला किंमत आहे, हेही सांगायला हवं. दोन्हींचे धोके सोबत येतात. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, पाय लुळे पडू शकतात. आज फाटे असलेल्या नळ्याही निघाल्यात, म्हणजे हाही शेवटचा शब्द नव्हे. पण आपल्यानंतर येणाऱ्याच्या हाती लागेल असं एक टोक मोकळं ठेवणं, ही परंपरेची आम्हाला सापडलेली सर्वांत चांगली व्याख्या आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.