जोड्या मोजा, आकार सांगा

नागपूरच्या गांधीबागेच्या घाऊक बाजारातून फुग्यांची पाकिटं जातात ती वाढदिवसांसाठी. अकरावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांना मात्र ती वर्गात लागतात. चार फुगे फुगवायचे, त्यांच्या गाठी एकत्र बांधायच्या आणि सोडून द्यायचे. कोणी हात लावला नाही तरी ते चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे तोंडं करून बसतात. दोनच असले तर एका रेषेत, तीन असले तर त्रिकोणात, सहा असले तर अष्टफलकात. मधली गाठ म्हणजे अणू, फुगे म्हणजे त्याच्या बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या. जोड्या मोजायच्या, त्यांना एकमेकींपासून शक्य तितकं लांब बसवायचं, की रेणूचा आकार कळला. पुस्तकात याला व्हीएसईपीआर म्हणतात. पोरं ते एका दुपारी शिकतात, पण हा धडा जुळून यायला ऐंशीहून जास्त वर्षं गेली.

कार्बनचे चार बंध सपाट कागदावर नसून अवकाशात चार दिशांना असतात, हे १८७४ मध्ये फान्ट हॉफ आणि ल बेल यांनी वेगवेगळं मांडलं. फान्ट हॉफ तेव्हा बावीस वर्षांचा होता. पुढे तो उत्रेख्तच्या पशुवैद्यक शाळेत नोकरीला लागला, तेव्हा कोल्बे या बुजुर्ग जर्मन रसायनज्ञानं त्याची जाहीर टर उडवली: या पोराला रसायनशास्त्राच्या तपासण्या नकोत, तो पशुशाळेतला उडता घोडा मागून आणून अणूंची मांडणी बघायला निघालाय. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ मध्ये याच पोराला मिळालं. ते पाहायला कोल्बे हयात नव्हते.

आकार कळला तरी तो तसाच का, हे कोडं उरलंच. १९१६ मध्ये अमेरिकेच्या गिल्बर्ट लुईसनं बंध म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनची जोडी, असं सांगितलं. आपण आजही कागदावर जे ठिपके काढतो ते त्याचेच. ठिपके मोजता येत होते, पण त्यांवरून आकार सांगायची कल्पना यायला आणखी दोन तपं जावी लागली, आणि आली तेव्हा ती लागोपाठ दोन ठिकाणी आली. १९३९ मध्ये ओसाकाच्या र्युतारो त्सुचिदा यांनी ती जपानी नियतकालिकात मांडली. १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या सिजविक आणि पॉवेल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या बेकरियन व्याख्यानात माहीत असलेल्या रेणूंची मोठी जंत्री लावली आणि जोड्यांची संख्या व आकार यांचा मेळ दाखवला. त्यानंतर युद्धानं सगळंच झाकलं. त्सुचिदांचं नाव आपल्याकडच्या पुस्तकांत क्वचितच सापडतं, याचं मला वाईट वाटतं.

मग या नियमाला गिलेस्पी आणि नायहोम या दुसऱ्याच दोघांचं नाव का जोडलं जातं? १९५७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या या दोघांनी त्यात एक बारकावा घातला: सगळ्या जोड्या सारख्या नसतात. बंधातली जोडी दोन अणूंमध्ये ताणलेली असते. जिला जोडीदार अणू नाही ती एकाकी जोडी मधल्या अणूजवळच फुगून जास्त जागा अडवते आणि शेजारणींना दाबते. मिथेन, अमोनिया आणि पाणी, तिघांच्याही मधल्या अणूभोवती चार-चार जोड्या. मिथेनमध्ये एकाकी जोडी नाही आणि कोन १०९.५ अंश. अमोनियात एक, कोन १०७. पाण्यात दोन, कोन १०४.५. जोड्यांना लांब ठेवण्यामागे नुसतं ऋण प्रभारांचं भांडण नाही, पाउलीचा अपवर्जन नियम आहे, हेही गिलेस्पी आग्रहानं सांगत राहिले.

माझ्या मते नियमाची खरी परीक्षा १९६२ नंतर झाली. झेनॉन कोणाशी जुळत नाही ही समजूत त्या वर्षी मोडली आणि त्याची फ्लोराइडं हाती आली. झेनॉन टेट्राफ्लोराइडमध्ये चार बंध, दोन एकाकी जोड्या, एकूण सहा. एकाकी जोड्या समोरासमोर गेल्या तर रेणू सपाट चौकोनी हवा, आणि तो तसाच निघाला. खरी जुंपली झेनॉन हेक्साफ्लोराइडवर. बरेच सैद्धांतिक रसायनज्ञ म्हणत होते की तो नेटका अष्टफलक असणार. गिलेस्पींनी सहा बंधांखेरीज उरलेली सातवी, एकाकी जोडी मोजली आणि रेणू वाकडा असेल असं सांगितलं. वायुरूपातल्या रेणूवर इलेक्ट्रॉन विवर्तनाचे प्रयोग झाले तेव्हा तो वाकडाच दिसला. जंत्रीतल्या जुन्या रेणूंना लागू पडणं वेगळं, नव्या रेणूवर आधीच पैज लावणं वेगळं.

एकाकी जोडी नुसती हिशोबाची सोय आहे की खरंच कुठे बसलेली असते? या प्रश्नाला पुण्यातूनही उत्तर मिळालं. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि सहकाऱ्यांनी रेणूंभोवतीच्या स्थिरविद्युत विभवाचे नकाशे काढले. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या पाठीशी ऋण विभवाचे दोन खोल बिंदू मिळतात, ठिपक्यांच्या चित्रात एकाकी जोड्या काढतात साधारण त्याच बाजूला.

नियम अडतो तेही सांगितलं पाहिजे. गांधीबागेतल्या औषधांच्या घाऊक दुकानांच्या यादीत सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचं इंजेक्शन असतं. त्यातल्या प्लॅटिनमला दोन अमोनिया आणि दोन क्लोरीन. फुग्यांच्या हिशोबानं हा रेणू चतुष्फलक व्हायला हवा. प्रत्यक्षात तो सपाट चौकोन आहे, आणि म्हणूनच त्याची दोन रूपं होतात. क्लोरीन शेजारीशेजारी असलेलं रूप औषध ठरलं, समोरासमोर असलेलं कामाचं निघालं नाही. इथे प्लॅटिनमच्या डी कक्षकांमधल्या आठ इलेक्ट्रॉनांचा विचार करावा लागतो, आणि तो बाहेरच्या जोड्या मोजून होत नाही. गंमत अशी, की ऑस्ट्रेलियातून आलेल्या रोनाल्ड नायहोम यांची सारी हयात अशाच संक्रमण धातूंच्या संयुगांवर गेली. ज्या नियमाला त्यांचं नाव आहे तो त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या बहुतेक बाटल्यांना लागू पडत नव्हता.