विरारचा हिरो, गिरगावचा लल्लू

गेल्या वेळी आपण विरारच्या गोविंदावर बोललो. एपिसोड टाकला आणि दुसऱ्याच दिवशी नालासोपाऱ्याहून एका श्रोत्याचा मेसेज आला: "दादा, विरारचा पोरगा हिंदीत हिरो झाला. मग आपला लक्ष्या हिंदीत नोकरच का? तो काय कमी होता का?" खाली रागाचे तीन इमोजी.

प्रश्न मला आवडला, राग त्याहून जास्त. कारण हा राग आपल्याकडे घरोघरी आहे. 'हम आपके हैं कौन' टीव्हीवर लागला की माझे बाबा लल्लूला बघून आधी हसतात आणि मग हमखास म्हणतात, "एवढ्या मोठ्या नटाला नोकर केला रे ह्यांनी!" तर आजचा एपिसोड लक्ष्मीकांत बेर्डेचा. गोविंदा मध्येमध्ये येईल, कारण तुलना त्याच्याशीच आहे.

आधी गिरगावात जाऊ. आपल्या वसई-विरारमध्ये कितीतरी बिल्डिंगा अशा आहेत, जिथे आजी अजून गिरगावातल्या चाळीच्या गोष्टी सांगते. घर वाढलं, खोली पुरेना, मग लोक लोकलच्या शेवटच्या टोकाला आले. लक्ष्या त्या चाळींमधला. जन्म २६ ऑक्टोबर १९५४. घराला हातभार म्हणून लहानपणी त्याने लॉटरीची तिकिटं विकली. गणेशोत्सवात नाटकं केली. पुढे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी लागली आणि तिथे राहून नाटकांत छोटी छोटी कामं. म्हणजे 'टॅलेंट शो जिंकला आणि रातोरात स्टार झाला' असलं काही नाही. बरीच वर्षं तो नुसता आजूबाजूला होता.

मग १९८३ च्या सुमारास पुरुषोत्तम बेर्डेंचं 'टुरटुर' आलं. तरुण पोरांची फौज, पळता विनोद, आणि त्यात हा सडपातळ, मोठ्या डोळ्यांचा माणूस लोकांच्या नजरेत भरला. महेश कोठारेंनी त्याला 'धूमधडाका'साठी घेतलं. साइन करताना हातावर एक रुपया ठेवला होता, असं कोठारे सांगतात. १९८५ मध्ये 'धूमधडाका' लागला आणि पुढची दहाएक वर्षं मराठी सिनेमाला जणू दुसरं नावच सुचेना. 'दे दणादण' १९८७, 'अशी ही बनवाबनवी' १९८८, 'थरथराट' १९८९, 'झपाटलेला' १९९३. टीव्हीवर म्हणाल तर दूरदर्शनच्या 'गजरा'मध्ये तो दिसला होता, 'नस्ती आफत' ही मालिकाही केली. पण खरी गर्दी थिएटरात होती.

आता इथे एक गोष्ट नीट बघा, कारण आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. मराठीत विनोदी नट हिरो होणं ही नवलाची गोष्ट नव्हतीच. राजा गोसावी होऊन गेले होते. दादा कोंडके 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य गाजवून सिनेमात आले आणि १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून स्वतःच हिरो. अशोक सराफ होतेच. आपल्याकडे पैसा कमी, परदेशातलं शूटिंग नाही, मोठे सेट नाहीत. मग प्रेक्षक येणार कशाला? तर हसायला. राज्य सरकार करमणूक कराचा परतावा द्यायचं, तो पुढच्या सिनेमाला लावायचा, आणि पुढचा सिनेमा पुन्हा विनोदी. या सगळ्या गणितात लक्ष्या मधोमध उभा होता.

हिंदीचं गणित वेगळं. तिथे हिरो एक आणि त्याला हसवायला दुसरा, अशी वाटणी मेहमूदच्या आधीपासून चालत आलेली. १९८९ च्या शेवटी 'मैंने प्यार किया' आला, त्यात लक्ष्या होता. पुढे 'साजन', 'बेटा', आणि ५ ऑगस्ट १९९४ ला 'हम आपके हैं कौन'. तेव्हा तो मराठीतला सगळ्यात मोठ्या नटांपैकी एक. हिंदीत आल्यावर मात्र तो हिरोचा मित्र किंवा घरातला लल्लू. दार कोणतं मिळालं यावर सगळं ठरलं. तो विनोदी नट म्हणून आत गेला आणि ती पाटी शेवटपर्यंत निघाली नाही.

गोविंदाचं उलट. त्याची गोष्ट गेल्या वेळी सांगितलीच आहे, थोडक्यात: वडील अरुण आहुजा जुन्या जमान्यातले नट, आई निर्मला देवी शास्त्रीय गायिका. सिनेमा काढण्यात पैसा गेला, बंगला गेला आणि कुटुंब विरारला आलं. १९६३ मध्ये गोविंदा जन्मला तो विरारचाच. वसईच्या वर्तक कॉलेजातून बी.कॉम. एका मोठ्या हॉटेलातली नोकरी इंग्रजी येत नाही म्हणून हुकल्याचं त्याने मुलाखतींत सांगितलंय. पण १९८६ मध्ये 'इल्जाम' आला तेव्हा तो नाचणारा हिरो म्हणून आला. विनोद नंतर आला, मुख्यतः डेव्हिड धवनबरोबर: 'आँखें', 'राजा बाबू', 'कुली नंबर वन'. आणि गंमत बघा, त्यानेही हमालच केला. 'हिरो नंबर वन'मध्ये तर प्रेयसीच्या घरी नोकर होऊन स्वयंपाक केला. फरक एवढाच की गोविंदाचा नोकर हा वेश असतो. प्रेक्षकाला ठाऊक असतं की शेवटी हा खरा कोण ते उघड होणार. लल्लूचं काही उघड होणार नसतं. तो लल्लूच.

आणखी एक कारण मला दिसतं, हे माझं मत आहे, पटलं नाही तर भांडा. लक्ष्याचा विनोद घाबरण्यावर उभा होता. आवाज चिरकतो, डोळे विस्फारतात, शब्द अर्ध्यावर अडतात. 'झपाटलेला'मध्ये तात्या विंचूची बाहुली जिवंत होते, तेव्हा घाबरायचं काम त्याच्याकडे आणि सिनेमा त्यावरच चालतो. बनवाबनवीत पार्वती झालेला परशा सतत पकडले जाण्याच्या भीतीत असतो. भाड्याच्या खोलीतून कधीही बाहेर काढतील ही भीती ज्यांनी पाहिलीय, त्यांना हे हसू आतून कळतं. गोविंदा घाबरत नाही. तो थापा मारतो आणि पकडला गेला की आणखी मोठी थाप मारतो. हिंदी सिनेमाला थापाड्या हिरो चालला. घाबरट हिरो नाही चालला.

अशोक सराफांचं उदाहरण घ्या. 'करण अर्जुन'मध्ये ते खलनायकाचे मुनशी. पण त्याच वर्षी, १९९५ मध्ये, झी टीव्हीवर 'हम पाँच' सुरू झाली आणि तिथे ते पाच मुलींचे बाप, घराचे मुख्य. जो मान हिंदी सिनेमाने मराठी विनोदी नटाला दिला नाही तो हिंदी टीव्हीने दिला. लक्ष्याला अशी मालिका मिळाली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पण मेसेजमधला सगळा राग हिंदीवर काढू नका. कारण लक्ष्याला अडवणाऱ्यांत आपणही होतो.

१९९२ मध्ये 'एक होता विदूषक' आला. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. लेखन पु. ल. देशपांडे यांचं, जे अनेक वर्षांनी सिनेमाकडे परत आले होते. गाणी ना. धों. महानोरांची. तमाशातला सोंगाड्या आबूराव सिनेमाचा स्टार होतो, राजकारण्यांच्या हाती लागतो, व्यासपीठावर उभा राहून मतं मागतो. आणि गावोगाव लोकांना हसवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या लहान मुलीला हसवता येत नाही. लक्ष्याने यात जे केलंय ते बघताना पहिली काही मिनिटं आपण सवयीने हसायची वाट बघतो. नंतर ती सवय गळून पडते. सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. पण थिएटरं भरली नाहीत. लोकांना लक्ष्या हवा होता, लक्ष्मीकांत बेर्डे नको होता. पुढच्या वर्षी 'झपाटलेला' तुफान चालला आणि तो पुन्हा आपल्याला हवा तसा झाला.

गोविंदा तरी सुटला का? नाही. तोही याच पिंजऱ्यात. फिल्मफेअरने त्याला 'साजन चले ससुराल'साठी विशेष पुरस्कार दिला, 'हसीना मान जाएगी'साठी विनोदी भूमिकेचा दिला. सिनेमाचा हिरो तो, पण सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस कधीच नाही. म्हणजे हिरो होऊनही शेवटी पाटी तीच.

यात २००४ हे वर्ष विचित्र आहे. त्या वर्षी मे महिन्यात गोविंदा लोकसभेवर निवडून आला, उत्तर मुंबईतून, राम नाईकांना हरवून. तेव्हा आपला वसईचा भाग याच मतदारसंघात होता. पालघर मतदारसंघ २००९ पासूनचा. घरातल्या मोठ्यांना विचारा, त्या प्रचाराच्या गर्दीत कोणी ना कोणी उभं असेलच. पडद्यावरचा हसवणारा माणूस व्यासपीठावर चढून मतं मागतो, ही आबूरावची गोष्ट बारा वर्षांनी आपल्या दारात घडली. २००९ ला गोविंदा पुन्हा उभा राहिला नाही.

आणि त्याच २००४ च्या १६ डिसेंबरला लक्ष्मीकांत बेर्डे मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. वय पन्नास.

आज विरार फास्टमध्ये बघा, बोरिवली गेलं की कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलवर बनवाबनवीची क्लिप सुरू असते आणि बाजूचे चारजण मान वाकडी करून बघत असतात. संवाद सगळ्यांना पाठ. 'एक होता विदूषक'ची क्लिप मी अजून एकदाही कोणाच्या हातात पाहिलेली नाही. श्रोत्या मित्रा, तुझ्या रागाचे तीन इमोजी आहेत ना, त्यातला एक आपल्यासाठी ठेव. आणि या रविवारी तो सिनेमा मिळव आणि बघ. बघून झाला की मला मेसेज कर, आबूरावच्या शेवटच्या सभेवर मला तुझ्याशी बोलायचंय.