रॉजर्स, जिमी : पहिली ध्वनिमुद्रणे

रॉजर्स, जिमी (८ सप्टेंबर १८९७–२६ मे १९३३). अमेरिकन गायक, गीतकार व गिटारवादक. कंट्री संगीताचे जनक म्हणून ओळख. जन्म मिसिसिपीतील मेरिडियनचा की अलाबामातील गायगरचा, याबाबत मतभेद आहेत. रेल्वेत ब्रेकमनचे काम केले; १९२४ मध्ये क्षयाचे निदान झाल्यानंतर गाण्याकडे वळले.

१९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी निर्माते राल्फ पीअर यंत्रसामग्री घेऊन टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरील ब्रिस्टल गावी आले. स्टेट स्ट्रीटवरील एका टोपी कंपनीच्या इमारतीत त्यांनी स्टुडिओ थाटला. २५ जुलै ते ५ ऑगस्टदरम्यान तेथे १९ गायक-वादक संचांची ७६ ध्वनिमुद्रणे झाली. ‘कार्टर कुटुंब’ या गायकसंचाची पहिली ध्वनिमुद्रिकाही याच मुक्कामातली.

रॉजर्स आले ते साथीदारांसह. पण ध्वनिमुद्रणाच्या आदल्या रात्री फूट पडली. तबकडीवर नाव कोणाचे छापायचे, यावरून वाद झाल्याचे बहुधा सांगितले जाते. साथीदारांनी ‘टेनेव्हा रॅम्बलर्स’ नावाने वेगळी गाणी दिली. ४ ऑगस्टला रॉजर्स एकट्याने, केवळ गिटारवर गायले : ‘द सोल्जर्स स्वीटहार्ट’ आणि ‘स्लीप, बेबी, स्लीप’. पहिले गीत महायुद्धात पडलेल्या सैनिकाच्या प्रेयसीचे, तर दुसरे रंगमंचावर आधीपासून रुळलेले अंगाईगीत. त्यातले योडेलिंग, म्हणजे छातीच्या आवाजातून एकदम वरच्या पातळ आवाजात उडी घेणे, हीच पुढे त्यांची खूण ठरली.

या तबकडीचे (व्हिक्टर २०८६४) मोल तिच्या खपावरून ठरवू नये. ध्वनिमुद्रणासाठी भोंग्यासमोर जोर लावून गाण्याचे दिवस नुकतेच सरले होते. विद्युत मायक्रोफोनमुळे हळू, बोलल्यासारखा स्वरही मेणाच्या तबकडीवर उमटू लागला होता. वाद्यवृंद सोबत असता, तर हा जवळचा, किंचित थकलेला आवाज फिडलच्या गर्दीत हरवला असता.

खरे यश ३० नोव्हेंबर १९२७ रोजी न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे मुद्रित झालेल्या ‘ब्लू योडेल’ने दिले. ब्लूजची चाल आणि योडेल यांचा असा मेळ पुढे या नावाच्या मालिकेत सतत ऐकू येतो. शेवटची ध्वनिमुद्रणे न्यूयॉर्कमध्ये, मृत्यूच्या दोन दिवस आधीपर्यंत चालू होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत २००२ साली ब्रिस्टलच्या ध्वनिमुद्रणांचा समावेश झाला.

चित्रपट : ‘द सिंगिंग ब्रेकमन’ (लघुपट, चित्रीकरण १९२९).